टोमॅटोवरील विषाणू : औषध कोणते मारावे?
श्रीरामपूर भागात शास्त्रज्ञांशी चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर कडू आहे; झाडातला विषाणू मारणारे औषध नाही. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात टोमॅटोची फळे तिरंगी झाली आणि माणसालाही रोग होतो अशी अफवा उठली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडी मोझॅक विषाणू आढळला. तो माणसाला होत नाही. मावा रोगट झाडाचा रस चाखताना काही सेकंदांत विषाणू उचलतो व निरोगी झाडात सोडतो. फवारणीने मावा मरेपर्यंत रोग पुढे गेलेला असतो. म्हणून रोपे बारीक नायलॉन जाळीत वाढवावीत, लागवडीआधी कडेने मका पेरावा. सुतळीसारख्या अरुंद पानांचे रोप दिसताच उपटून पुरावे. जीव तुटतो खरा, पण ते बांधावरही टाकू नये.