रिकामा डबा

मुलांनो, तेल, तूप, लोणचे अशा किती तरी वस्तू तुमच्या घरी प्लास्टिकच्या डब्यांतून येतात. वस्तू संपते, डबा मात्र उरतो. त्याचे तुम्ही काय करता?

उर्दूत आपण ज्याला मर्तबान म्हणतो, त्याला मराठीत बरणी म्हणतात. लोणच्याची बरणी पुन्हा वापरायची असेल, तर आधी आतले तेल कागदाने पुसून घ्या. मग कोमट पाण्याने व साबणाने धुवा. तोंड अरुंद असेल, तर साबणाच्या पाण्यात तांदळाचे थोडे दाणे टाका आणि झाकण लावून जोराने हलवा. वास गेला नाही, तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रात्रभर आत ठेवा. सकाळी धुऊन बरणी पालथी घाला. झाकण वेगळे वाळवा. ओल राहिली, तर डाळीला बुरशी येते.

बहुतेक डब्यांच्या तळाशी त्रिकोणात एक अंक असतो. शीतपेयाच्या बाटलीवर १ असतो. तिच्यात उकळते पाणी ओतले, की ती आकसते. ५ अंकाचे प्लास्टिक अधिक उष्णता सहन करते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. फिनाइल किंवा कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला, तरी त्यात खाण्याचे काही भरू नका. तसेच शीतपेयाच्या बाटलीत फिनाइल भरू नका. लहान भावंडाला वाचता येत नाही. ते बाटली ओळखते आणि तोंडाला लावते!

फुटका डबाही धुऊनच द्या. पुण्यातील कचरावेचकांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभारली. पुढे तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिचे सभासद घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात. त्यांत स्त्रिया अधिक आहेत. सुका कचरा निवडून त्या भंगारात विकतात. आपल्याला एक डबा विसळायला दोन मिनिटे लागतात. त्यांना मात्र कितीतरी घरांचे डबे हाताने निवडावे लागतात. तेव्हा डबा देताना त्या हातांची आठवण ठेवा.

शब्दार्थ
अरुंद – तंग
पालथी – उलटी
बुरशी – फफूंदी
भंगार – कबाड

स्वाध्याय
१. बरणीचे झाकण वेगळे का वाळवावे?
२. शीतपेयाच्या बाटलीत फिनाइल का भरू नये?
३. घरातील पाच डब्यांच्या तळाचे अंक पाहून वहीत लिहा.