जाताना सोळा तास, येताना चौदा

प्रश्न : मुलगी न्यूजर्सीत असते. डिसेंबरात आम्ही दोघं मुंबईहून नेवार्कला जाणार आहोत. तिकिटावर रात्री दीडला सुटून त्याच दिवशी सकाळी सातला पोहोच लिहिलंय. साडेपाच तासांत अमेरिका कशी?
– एक वाचक, भूगाव

उत्तर : दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या आहेत. हिवाळ्यात तिकडची घड्याळं आपल्या साडेदहा तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेनऊ. साडेपाचात साडेदहा मिळवा. प्रवास 16 तासांचा. अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. परतताना साधारण 14 तास लागतील. 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, म्हणजे जेट स्ट्रीम, जाताना समोरून येतात, येताना पाठीशी असतात.

पडद्यावरच्या नकाशात विमान उत्तरेकडे वळलेलं दिसलं तर गोंधळू नका. घरातल्या पृथ्वीगोलावर मुंबई ते नेवार्क दोरा ताणून पाहा. जवळची वाट उत्तरेकडूनच जाते.

आता भूगावचा हिशेब. चांदणी चौकातून द्रुतगती मार्गाने विमानतळ गाठायला चार तास धरा, तिथे तीन तास आधी पोहोचा. म्हणजे संध्याकाळी साडेसहाला घर सोडायचं, तेही तिकिटावरच्या तारखेच्या आदल्या दिवशी! गफलत होते ती इथेच.