सदा ताणलेले धनुष्य



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामाचा कुटुंबमेळावा समुद्रकिनारी झाला. जेवणानंतर मुलांनी लगोरी मांडली. गडी कमी पडले म्हणून एका मुलाने आपल्या आजीला ओढत आणले. आजी सत्तरीच्या. आधी ‘गुडघे दुखतात’ म्हणाल्या, मग पदर खोचला आणि पहिल्याच नेमात सातही ठिकऱ्या उडवल्या! त्यांची सून मला म्हणाली, ‘फादर, लग्नाला बावीस वर्षे झाली. आईंना इतके मोकळे हसताना मी आज पहिल्यांदा पाहिले.’

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर एक गृहस्थ भेटले. ‘फादर, मुलांनी खेळावे, ते ठीक. पण चर्चच्या कार्यक्रमात मोठ्या माणसांनी असे धावणे शोभते का? त्यापेक्षा एखादे प्रवचन ठेवले असते तर?’ त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचा विचार आज आपण सर्व मिळून करू या.

हा प्रश्न जुना आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिया’ या ग्रंथात तो स्वतःच उपस्थित केला: खेळातही सद्गुण असू शकतो का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना देवाच्या अस्तित्वाचे त्यांचे पाच मार्ग आम्ही पाठ केले. हे प्रकरण परीक्षेला नव्हते, म्हणून मी ते उघडलेच नाही. पुष्कळ वर्षांनी वाचले तेव्हा चकित झालो.

संत थॉमस तेथे एक जुनी कथा सांगतात. सुवार्तिक संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना दिसले, तेव्हा काही लोकांना ते खटकले. त्यांच्यातील एकाच्या हाती धनुष्य होते. योहानांनी त्याला बाण सोडायला सांगितला, मग दुसरा, मग तिसरा. ‘असे सतत करीत राहशील का?’ असे त्यांनी विचारले. तो म्हणाला की तसे केले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानांनी त्याला समजावले.

शरीर थकते तसे मनही थकते. शरीराला झोप लागते, मनाला आनंद लागतो, आणि खेळ हा तो आनंद देतो. म्हणून योग्य खेळकरपणाला संत थॉमस सद्गुण मानतात. त्यासाठी त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा शब्द घेतला आहे: युट्रपेलिया. मर्यादाही घातल्या आहेत. खेळात अश्लील किंवा दुसऱ्याला दुखावणारे काही नसावे, मनाचा तोल सुटू नये, आणि वेळ, स्थळ व व्यक्ती यांचे भान असावे. पुढे ते आणखी एक गोष्ट सांगतात: अति खेळ हा दोष आहे, तसाच खेळाचा पूर्ण अभाव हाही दोषच आहे. जो स्वतः हसत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदावरही विरजण घालतो, तो इतरांना ओझे होतो.

याच्या मुळाशी तिसरी आज्ञा आहे. अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथ पाळण्याचे कारण देताना परमेश्वर इस्राएलला मिसर देशातील गुलामगिरीची आठवण देतो. गुलामाला थांबता येत नाही. ज्याला काम बाजूला ठेवून आनंद करता येतो, तो मोकळा माणूस. जग आपल्या घामावर नव्हे तर देवाच्या हातांवर उभे आहे, हे तो आपल्या खेळातूनही कबूल करतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्या खांद्यावर साऱ्या ख्रिस्तसभेचा भार होता. तरी 1984 सालच्या जुलै महिन्यात, वयाच्या 64 व्या वर्षी, इटलीतील अदामेल्लो पर्वतावर ते बर्फावरून स्कीइंग करीत उतरले. वेळ नाही ही सबब त्यांना आपल्यापेक्षा अधिक शोभली असती!

आता आपल्याकडे पाहू. पहाटेची लोकल, रात्रीची लोकल, घराचे हप्ते. रविवारी मिस्सा, बाजार, आणि मग प्रत्येकजण आपापला मोबाईल घेऊन कोपऱ्यात. हसणे उरले ते लग्नाच्या मांडवात, तेही अनेकदा बाटली उघडल्यावर. समुद्र आपल्या दारात आहे, पण पाहुणे आल्याशिवाय आपण किनाऱ्यावर जात नाही. मग पोटच्या मुलांना आपण ठाऊक असतो ते केवळ दमलेले आणि चिडलेले.

माझे वडील आयुष्यभर वाडीत राबले. आम्हा भावंडांना त्यांनी शिकवले, पण आमच्याशी खेळायला त्यांना वेळ नव्हता. मे महिन्यातील एका दुपारी आम्ही विहिरीत पोहत होतो. वडील काठावर आले. आता ओरडणार, असे वाटले. त्यांनी कपड्यांसकट उडी मारली! त्यांच्या दफनविधीनंतर आम्ही भावंडे जमलो, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी आधी ती उडी आली. त्यांच्या कष्टांचे ऋण आम्ही विसरलो नाही. पण त्यांचा चेहरा आठवतो तो त्या विहिरीतला, ओला आणि हसरा. अशी दुपार आम्हाला एकच मिळाली. आणखी काही मिळाल्या असत्या, तर वडील आम्हाला अधिक कळले असते, असे आता वाटते.

म्हणून येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या मैदानावर लगोरी मांडू. वयाची अट नाही. ज्यांना पळवत नाही त्यांनी पंच व्हावे. प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांना माझ्या संघात जागा राखून ठेवली आहे.

घरी चिंतनासाठी:
1. मी घरच्यांबरोबर शेवटचा कधी खेळलो?
2. माझी मुले माझा कोणता चेहरा आठवणीत ठेवतील?
3. माझ्या आनंदाला दारूची किंवा दुसऱ्याच्या चेष्टेची गरज लागते का?

प्रभू तुम्हांला आनंदी ठेवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू