ताण कामाचा, की लगाम हातात नसण्याचा?

ग्लासगो रॉयल इन्फर्मरी हे कॅथेड्रलला लागून असलेलं जुनं इस्पितळ. कार्बॉलिक ॲसिड वापरून जखम सडू न देण्याचा प्रयोग जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली इथेच केला. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी हॅरी बर्न्स नावाचे सर्जन याच इस्पितळात काम करत होते. त्यांना एक गोष्ट खटकू लागली. शस्त्रक्रिया तीच, टाके तेच, पण शहराच्या गरीब भागातून आलेल्या रुग्णांच्या जखमा भरायला जास्त वेळ लागायचा. हे बर्न्स पुढे २००५ ते २०१४ या काळात स्कॉटलंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले, आणि या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही.

ताणाचा आणि जखमेचा संबंध प्रयोगात दिसलेला आहे. १९९५ साली अमेरिकेत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया घेतल्या, आणि तुलनेला तशाच वयाच्या पण ही जबाबदारी नसलेल्या १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम केली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

याचं एक महत्त्वाचं कारण कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी हे संप्रेरक सोडतात. धोका समोर असताना ते रक्तात साखर वाढवतं आणि तातडीची नसलेली कामं मागे ढकलतं. जखम भरण्याची सुरुवात दाहाने होते, आणि कॉर्टिसॉल नेमका तो दाह दाबतं. तासाभरासाठी हे सोयीचं आहे. महिनोन् महिने चाललं तर झोप, स्मरणशक्ती, रक्तदाब, सगळ्यालाच त्याची झळ पोहोचते.

आता तुम्ही म्हणाल, आमचा दिवस लॅपटॉपसमोर जातो, जखमा कुठे होतात? पण कॉर्टिसॉलला ऑफिस आणि इस्पितळ यातला फरक कळत नाही. मग ते नेमकं कशाने वाढतं? २००४ साली सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी प्रयोगशाळेतले २०८ अभ्यास एकत्र करून हेच तपासलं. काम अवघड आहे एवढ्याने कॉर्टिसॉल फारसं हलत नव्हतं. दुसरं कुणी आपलं मोजमाप करतंय आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वांत जास्त चढत होतं. ज्यांनी प्रोबेशन किंवा वार्षिक अप्रेझल अनुभवलं आहे त्यांना याचा वेगळा पुरावा नको.

'हातात नाही' याचा अर्थ जे वाइस यांच्या उंदरांवरून नीट कळतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यांनी दोन उंदरांच्या शेपट्या एकाच विजेच्या तारेला जोडल्या. दोघांना धक्का एकाच वेळी, तेवढाच आणि तितकाच वेळ बसायचा. फरक एवढाच की एकापुढे एक चाक होतं. ते फिरवलं की धक्का दोघांसाठी थांबायचा. ज्याच्याकडे चाक होतं त्याच्या पोटात व्रण कमी झाले. त्रास सारखा असूनही ज्याच्या हाती काहीच नव्हतं त्याला मात्र जास्त झाले.

१९७१ साली वाइस यांनी या प्रयोगाची दुसरी बाजू दाखवली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. चाक फिरवलं की त्या कृतीबद्दलच एक छोटा धक्का बसेल अशी त्यांनी व्यवस्था केली. आता उलट झालं. चाक असलेल्या उंदराला जास्त व्रण झाले. तुम्हाला 'लीड' केलं, पण बजेट, माणसं, तारखा दुसरेच ठरवतात आणि काही करायला जावं तर वरून टोकलं जातं, ही त्याच उंदराची अवस्था. अधिकाराविना जबाबदारी ही नुसत्या असहायतेपेक्षा वाईट ठरू शकते. बढती स्वीकारण्यापूर्वी हा प्रयोग आठवावा.

माणसांतही चित्र असंच दिसतं. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत १९८५ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात १०,३०८ कर्मचारी होते. आपलं काम कसं आणि कधी करायचं यावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त, असं त्यात आढळलं. 'मोठ्या साहेबांना ताण जास्त' हा आपल्याकडचा आवडता समज आहे. वरच्या साहेबांना काम जास्त असतं हे खरं, पण चाकही त्यांच्याच हातात असतं.

वाइस उंदरांचे निष्कर्ष छापत होते त्याच वर्षी, १९७१ च्या जूनमध्ये, क्लाइड नदीकाठची अपर क्लाइड शिपबिल्डर्स ही कंपनी दिवाळखोरीत गेली. सुमारे साडेआठ हजार कामगार. अशा वेळी संपाची अपेक्षा असते. पण ३० जुलैला कामगारांनी उलटं केलं: गोदीचा ताबा घेऊन काम चालू ठेवलं. ज्यांना काढून टाकलं तेही रोज कामावर येत, त्यांचा पगार वर्गणीतून निघे, आणि हातातली जहाजं पुरी होत. दंगा नको, मोडतोड नको, दारू नको, असं त्यांचे पुढारी जिमी रीड यांनी बजावलं होतं. जॉन लेनन आणि योको ओनो यांनीही वर्गणी पाठवली. फेब्रुवारी १९७२ मध्ये सरकारने माघार घेऊन साडेतीन कोटी पौंड देऊ केले. कॉर्टिसॉल मोजायला तिथे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे हा लढा मी प्रयोग म्हणून सांगत नाही. पण नोकरी जाण्याच्या छायेत माणसं चाक कसं शोधतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्याच वर्षी ग्लासगो विद्यापीठाचे रेक्टर म्हणून रीड जे भाषण करायला उभे राहिले त्याचा विषयही हाच होता: आपल्या आयुष्याचे निर्णय दुसरेच घेतात, या जाणिवेतून येणारं परकेपण.

बर्न्स यांना उत्तर सापडलं ते ॲरन ॲन्टोनोव्हस्की यांच्याकडे. छळछावणीतून वाचलेल्या स्त्रियांपैकी काही जणींची तब्येत चांगली कशी राहिली, हा ॲन्टोनोव्हस्कींचा प्रश्न. त्यांच्या मते अशा माणसांना भोवतालचं जग समजतं, हाताळता येईलसं वाटतं, आणि त्यासाठी झटण्यात अर्थ वाटतो. कामात मन लागण्यालाही हीच तीन मापं लावून पाहा. 'मला स्ट्रेस आहे' या वाक्यातून काहीच करता येत नाही. पण 'काय अपेक्षित आहे ते कळत नाही', 'कळतं पण वेळ माझ्या हातात नाही', 'दोन्ही आहे पण कशासाठी करतोय ते दिसत नाही' हे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची मधल्या मापाची अडचण मोठी. व्हिसा कंपनीच्या नावावर असेल तर ब्रिटनमध्ये नोकरी गेल्यावर गृहखात्याच्या पत्रापासून साधारण ६० दिवस मिळतात. ही भीती खरी आहे, प्राणायामाने ती जाणार नाही. त्यावर चाक म्हणजे अद्ययावत सीव्ही, स्पॉन्सर करू शकणाऱ्या कंपन्यांची आधीच केलेली यादी आणि तीन महिन्यांची शिल्लक. यातलं काही वापरायची वेळ आली नाही तरी रात्रीची झोप सुधारते. वाइस यांचं चाक हाताशी असण्याचा हा फायदा.

दुसरं, वेळ. हिवाळ्यात पुण्यात साडेनऊ वाजतात तेव्हा ग्लासगोत पहाटेचे चार असतात. फोन उशाशी असेल तर दिवसाची सुरुवात दुसऱ्याच्या हाती गेली. ६ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागता येतात आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. मागणी नेमकी असावी: 'ताण कमी करा' नव्हे, तर 'भारतातल्या टीमची बैठक मंगळवार-गुरुवार, आठनंतर'. लेखी द्या. आपण मराठी माणसं हे तोंडी आणि संकोचत मागतो, आणि मग 'विचारलं होतं' एवढंच शिल्लक राहतं.

रक्तातलं कॉर्टिसॉल तास-दीड तासात निम्मं होतं, पण तोच विषय मनात घोळत राहिला तर शरीराला प्रसंग संपल्याचं कळत नाही. यावर एक स्वस्त उपाय आहे. मायकेल स्कलिन यांच्या २०१८ च्या अभ्यासात ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांची कामं लिहिली, बाकीच्यांनी झालेली कामं. पहिले सुमारे नऊ मिनिटं आधी झोपले. यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊला उगवून पावणेचारला मावळतो, म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर पडा. ढगाळ आकाशही ऑफिसच्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट उजेड देतं आणि शरीराच्या घड्याळाला तोच लागतो.

आणि हे सगळं करूनही दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, छातीत धडधड असेल, तर जीपीकडे जा. आजारपणाचे पहिले सात दिवस स्वतःच्या सहीवर चालतात, त्यापुढे फिट नोट लागते. या नोटेवर 'कामाला अयोग्य' याशिवाय 'काही बदल केल्यास कामाला योग्य' असाही पर्याय असतो. त्याखाली हळूहळू परतणं, बदललेल्या वेळा, बदललेली कामं आणि कामाच्या जागेतले बदल असे चार चौकोन असतात. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी यातला कोणता हवा ते ठरवून जा, कारण दहा मिनिटांच्या भेटीत तो विषय आपण होऊन निघेलच असं नाही.