मूत्रपिंडाचा कर्करोग : वेळीच निदान, योग्य उपचार

मूत्रपिंडाचा कर्करोग प्रारंभी बहुधा वेदना देत नाही. त्यामुळे रुग्ण निर्धास्त राहतो. लघवीतून एकदाच रक्त गेले व आपोआप थांबले, तरी तपासणी टाळू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. धूम्रपान, स्थूलता व उच्च रक्तदाब यांमुळे धोका वाढतो.

सोनोग्राफीत गाठ आढळल्यास सी. टी. स्कॅनने तिचा आकार व प्रसार कळतो. ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असल्यास, शक्य तेथे केवळ गाठ काढून मूत्रपिंड वाचविण्यास आम्ही प्राधान्य देतो. मोठ्या गाठीसाठी संपूर्ण मूत्रपिंड काढावे लागू शकते. दुसरे निरोगी असल्यास डायलिसिसची गरज सहसा पडत नाही.

या रोगावर नेहमीची केमोथेरपी फारशी गुणकारी नाही. रोग पसरल्यास, २००५ पासून उपलब्ध झालेल्या लक्ष्यवेधी गोळ्या व त्यानंतर आलेली प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे आयुष्य वाढवू शकतात. परंतु ती महाग आहेत.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. तेव्हा पैशाअभावी तपासणी लांबवू नये. वेळीच सापडलेली गाठ शस्त्रक्रियेने बरी होऊ शकते. विलंब मात्र देहास व संसारासही भारी पडतो.