एक ‘मिस’, चार क्रियापदे

इंग्रजीतले ‘मिस’ आम्हा कॅडेटांच्या तोंडी दिवसभर असते. बस मिस झाली, नेम मिस झाला, तास मिस केला, घर मिस करतो. स्पॅनिश शिकायला लागलो तेव्हा कळले की तिथे एका शब्दावर भागत नाही.

बस चुकली तर क्रियापद ‘पेर्देर’: ‘पेर्दी एल आउतोबुस’. याचा मूळ अर्थ हरवणे, गमावणे. सामना हरला तरी हेच क्रियापद. नेम चुकला तर ‘फायार’: ‘फाये एल तीरो’. तासाला गैरहजर राहिलो तर ‘फाल्तार’: ‘फाल्ते आ क्लासे’. माणसाची आठवण येत असेल तर ‘एक्स्त्रान्यार’: ‘ते एक्स्त्रान्यो’. स्पेनमध्ये यासाठी ‘एचार दे मेनोस’ असेही म्हणतात.

माझी एक चूक सांगतो. आईच्या पत्राखाली गंमत म्हणून ‘मिस यू’ स्पॅनिशमध्ये लिहिले. शब्दकोशातला पहिलाच शब्द उचलला आणि लिहिले, ‘ते प्येर्दो’. पाकीट बंद करण्यापूर्वी तपासले, तर अर्थ निघाला, ‘मी तुला गमावतो आहे’. अंगावर काटा आला.

तेव्हापासून मी आधी वाक्य मराठीत करून पाहतो. बस आणि नेम चुकतात, तास बुडतो, आईची आठवण येते. कोणता अर्थ हवा ते कळले की क्रियापद शोधणे सोपे जाते.

ती ओळ खोडून मी लिहिले, ‘आई, तुझी खूप आठवण येते.’ सहावीपासून प्रत्येक पत्राखाली ‘मिस यू’ लिहीत आलो. हे वाक्य मात्र पहिल्यांदाच लिहिले.