मशिनवरचा माणूस ऐकत असतो

भोर

चि. सायली,


व्हेंटिलेटरचे मोड डोक्यात शिरत नाहीत म्हणालीस. शिरतील. एकाच मोडला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, तिथे जुनेजाणतेही चकतात. मी आपल्याकडच्या रुग्णाबद्दल लिहिते.

भातलावणीच्या दिवसांत वेल्ह्याकडे माणसं दमून जमिनीवरच अंग टाकतात. रात्री मण्यार चावते. फारसं दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळवत नाही. मग चेलाडी फाटा आणि पुढे पुणं. लस दिली तरी या विषाने नसांच्या टोकांना झालेली इजा लगेच भरून येत नाही. श्वासाचे स्नायू पुन्हा कामाला लागेपर्यंत, कधी कित्येक दिवस, व्हेंटिलेटरच तारतो. नातेवाइकांना मात्र ‘मशिनवर टाकलं’ म्हणजे संपलंच वाटतं.

या रुग्णाचे डोळे उघडत नाहीत, बाहुल्यासुद्धा उजेडाला दाद देत नाहीत. पण तो शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असतो. सक्शनआधी नावाने हाक मार, “दादा, नळी साफ करतेय, ठसका लागेल” असं सांग, आणि पंधरा सेकंदांच्या आत उरक. पायाचं बोट हलवायला सांगून बघ. कधी तेवढीच हालचाल उरलेली असते. झोपेचं औषध चालू आहे ना, डॉक्टरांना विचार. उशाशी उभं राहून “हा काही वाचत नाही” म्हणणारे भेटतील, त्यांना बाहेर ने.

बाकीचं थोडक्यात. नळी दाताशी किती सेंटिमीटरला आहे ते दर पाळीला लिही. बाईची साधारण 21, पुरुषाची 23. नळीच्या कफचा दाब मीटरनेच मोज, पाण्याचे 20 ते 30 सेंटिमीटर. फुगा चिमटीत धरून ठरवणाऱ्यांशी वाद घालू नकोस, मीटर आण. टायडल व्हॉल्यूम उंचीवरून काढायचा: 160 सेंटिमीटरच्या पुरुषाचं गणिती वजन 57 किलो, किलोला 6 मिलि धरले तर सुमारे 340.

सॅच्युरेशन झपाट्याने पडू लागलं तर मशिन काढ, अंबू बॅग लाव, मदतीला हाक मार. बॅग सहज दाबली जाते की अडते, हे हाताला लगेच कळतं. 1952 साली कोपनहेगनला पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, गळ्यातल्या नळीला जोडलेली पिशवी हाताने दाबत रुग्ण जगवले होते. तुझ्याच वयाची पोरं.

घरी फोन करशील तेव्हा अण्णांना सांग, पडवीत खालीच झोपायचं असेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचायची. माझं ऐकत नाहीत.

तुझी
आत्या